४६ मीटर सुतळीवर पृथ्वीचा अख्खा इतिहास: पार्किंगमध्ये करून बघा

शाळेच्या पुस्तकात तो एक तक्ता असतो बघा, खाली जिवाणू, मग मासे, मग डायनोसॉर, वर माणूस, आणि सगळ्यांना सारखीच जागा. तो तक्ता दिसायला छान असतो पण त्याने डोक्यात जो घोळ होतो तो वर्षानुवर्षं जात नाही. माझा स्वतःचा गेला तो एका सुतळीमुळे, तेही वयाच्या पस्तिशीत. गेल्या गणपतीत सोसायटीतल्या पोरांसाठी काहीतरी करायचं होतं म्हणून हे केलं, मग मे महिन्यात परत केलं, आता तिसऱ्यांदा करायचंय, म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहून टाकू.

आयडिया साधी आहे. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं धरा. मग एक सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षं आणि एक मिलिमीटर म्हणजे एक लाख वर्षं. आपल्याकडे लाख-कोटीत मोजायची सवय असल्यामुळे हे गणित इतकं सोपं बसतं की इंग्रजीवाल्यांना हेवा वाटावा. एकूण सुतळी लागते ४५.४ मीटर, गाठीबिठी मिळून ४७ आणा.

सामान: सुतळीचा एक गुंडा, कपड्यांचे चिमटे तीसेक, जुन्या लग्नपत्रिका (मागची कोरी बाजू कार्ड म्हणून मस्त चालते, जाडही असते), मार्कर, थोडा कापूस, एक गंजका खिळा, पोरांकडची डायनोसॉरची खेळणी. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणली जाते आणि दर वेळी लांबी वेगळी भरते. शिवणकामाची टेपही नको, ती दीड मीटरची असते, ३० वेळा उचलून ठेवताना प्रत्येक वेळी थोडं थोडं चुकतं आणि शेवटी अर्धा मीटर, म्हणजे पाच कोटी वर्षं, गायब. कोणाकडे तरी घराचं काम चालू असतंच, त्या मिस्त्रीकडून लांब टेप घ्या तासाभरासाठी. दर मीटरला नेलपॉलिशचा ठिपका आणि दर दहा मीटरला लाल रिबीन. हे आदल्या दिवशी करून ठेवा, पोरं आल्यावर मोजत बसलात तर ती सायकली काढून पळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोजायचं ते 'आज'च्या टोकापासून, कारण सगळ्या तारखा 'इतक्या वर्षांपूर्वी' अशाच मिळतात, सुरुवातीपासून मोजलंत तर प्रत्येक कार्डाला वजाबाकी करावी लागते. चालायचं मात्र उलट, जुन्या टोकाकडून आजकडे.

आणि मिलियन-बिलियनचं रूपांतर आधी कागदावर करून घ्या, प्लीज. मी पहिल्या वेळी ३.५ बिलियन म्हणजे ३५ कोटी असं घाईघाईत लिहिलं आणि जगातले पहिले जिवाणू साडेतीन मीटरवर लटकवले. शेजारी पावणेचार मीटरवर टिकटालिक, म्हणजे तो जमिनीकडे सरकू लागलेला मासा. सातवीतली एक मुलगी थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मासा आधी आणि जिवाणू नंतर कसे?" मी गप्प. एक बिलियन म्हणजे १०० कोटी, एक मिलियन म्हणजे १० लाख. त्याहून सोपं सांगू का, या सुतळीवर जितके मिलियन तितके सेंटिमीटर, आणि एक बिलियन म्हणजे दहा मीटर, बस, कोटीत जायचीच गरज नाही.

चला आता चालायला. सुतळी पार्किंगच्या लांबीत सरळ मावली तर उत्तम, नाहीतर बिल्डिंगभोवती वळवा. आमची दोन कोपरे वळून गेली आणि त्यात एक मजा झाली, शेवटच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत कोणाला एकही प्राणी दिसला नाही.

४५.४ मीटरवर पृथ्वी. चंद्र त्याच मीटरभरात कुठेतरी, एक मोठा गोळा पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मालातून चंद्र झाला असं आज बहुतेक मानतात. ४४ मीटरवर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन, मिठाच्या दाण्याहून बारीक खडे, पण पृथ्वीवरच तयार झालेल्या वस्तूंपैकी सापडलेली सगळ्यात जुनी तीच, आणि त्यांच्या रसायनावरून वाटतं की तेव्हाही पाणी होतं. इथे चिमूटभर मीठ एका कार्डाला चिकटवा, आकार कळतो.

मग नऊ मीटर काही नाही. चाला.

३५ मीटरच्या जरा अलीकडे, पुन्हा पश्चिम ऑस्ट्रेलिया, पिलबारा भाग, स्ट्रोमॅटोलाइट. हा शब्द पोरांना भारी आवडतो. सूक्ष्मजीवांचा सायीसारखा चिकट थर उथळ पाण्यात वाढतो, त्यावर गाळ बसतो, त्याच्यावर परत साय धरते, परत गाळ, असं करत करत थरांचा दगड होतो. जीव स्वतः उरत नाही, त्याने केलेलं घर उरतं. आजही ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाच्या खाडीत असे जिवंत थर वाढतायत, त्यामुळे हे प्रकरण नुसतं अंदाजपंचे नाही. याच्याही आधी जीव असतील, बहुतेक असतीलच, पण पक्कं बोट ठेवता येतं ते इथे.

२४ मीटरला थांबा आणि जरा वेळ घ्या, कारण माझ्या मते अख्ख्या सुतळीवरची सगळ्यात मोठी भानगड इथे झालीय आणि तिला डायनोसॉरच्या दहाव्या हिश्शाएवढीसुद्धा प्रसिद्धी मिळत नाही. सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू (निळं-हिरवं शेवाळ म्हणतात पण ते शेवाळ नव्हे) सूर्यप्रकाश आणि पाणी वापरून पोट भरायला शिकले आणि त्यातून कचरा म्हणून ऑक्सिजन बाहेर टाकायला लागले. होय, कचरा. त्या वेळच्या बहुतेक जीवांना तो विषारीच. आधी समुद्रात विरघळलेल्या लोखंडाने तो पिऊन घेतला, लोखंड गंजून तळाशी बसत गेलं, म्हणून त्या काळच्या आगेमागे जगभर तांबड्या-करड्या पट्ट्यापट्ट्यांचे खडक तयार झाले. गोव्यातलं लोहखनिज अशाच प्राचीन पट्टेरी खडकांमधलं, मांडवीतून बार्ज भरभरून जायचं ते. गंजका खिळा इथे लटकवायचा. ज्याच्या हातात खिळा देता त्याला विचारा, याला गंज कशाने चढला? उत्तर येतं "पाण्याने". मग विचारा, अजून कशाने? तिथून गप्पा आपोआप सुरू होतात. गंजणारं लोखंड संपत आलं तसा ऑक्सिजन हवेत साठायला लागला.

लक्षात घ्या, आपण २१ मीटर चाललोय, सुतळी जवळपास अर्धी संपली आणि अजून सगळं एकपेशीय चाललंय.

१६ मीटरवर आपल्या देशातलं कार्ड आहे. चित्रकूट, हो तेच रामाचं. तिथल्या विंध्य खडकांत १६० कोटी वर्षांपूर्वीचे, लाल शैवालासारखे दिसणारे धागे सापडले, २०१७ साली त्यावरचा संशोधनाचा पेपर आला. म्हणजे तोवर केंद्रक असलेल्या गुंतागुंतीच्या पेशी आल्या होत्या. त्या कशा आल्या हे सांगायला मी पोरांना असं म्हणते: एका पेशीने दुसरीला गिळलं पण पचवलं नाही, ती आतच भाडेकरू म्हणून राहिली आणि भाडं म्हणून ऊर्जा द्यायला लागली, तो भाडेकरू म्हणजे आपल्या पेशीतलं मायटोकॉन्ड्रिया. आमच्या ग्रुपमधला एक जण लगेच म्हणाला, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट केलं नसेल.

पुढे परत रिकामं. शास्त्रज्ञ स्वतःच १८० ते ८० कोटी वर्षांपूर्वीच्या पट्ट्याला 'कंटाळवाणी शंभर कोटी' म्हणतात. इथे मोह होतो की काहीतरी कार्डं भरावीत, निदान चित्रं तरी. नका करू. पोरं "अजून काहीच नाही?" असं कंटाळून म्हणतात ना, तेच हवंय. मी दुसऱ्या वेळी ही जागा 'आकर्षक' करायला रंगीत पताका लावल्या होत्या आणि सगळी मजा गेली, कोणालाच काही लांब वाटलं नाही.

७.२ मीटर ते ६.३५ मीटर कापूस गुंडाळा. या टप्प्यात पृथ्वी दोनदा जवळजवळ पूर्ण गोठली, विषुववृत्तापर्यंत बर्फ. मधे थोडी उसंत होती, तिथे कापूस विरळ ठेवला तर बारकावाही येतो.

मग एडिअकारन काळातले जीव, ५.७५ मीटरपासून ५.४ पर्यंत. मोठे, डोळ्यांना सहज दिसतील असे, मऊ, गोधडीसारखे चपटे. त्यातला डिकिन्सोनिया प्रसिद्ध, आणि त्याचा आपल्याकडचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. भोपाळजवळ भीमबेटकाच्या गुहेत छताजवळच्या भिंतीवर पानासारखा ठसा दिसला, २०२१ मध्ये पेपर छापून आला की हा डिकिन्सोनिया, भारतातला पहिला, बातम्याच बातम्या. नंतर दुसरी टीम जाऊन बघते तर ठसा भिंतीवरून सोलवटत चाललेला. कोट्यवधी वर्षांचा जीवाश्म दोन-तीन वर्षांत सोलवटत नाही. ते निघालं मोहोळ! आग्या माश्यांचं जुनं, कुजत चाललेलं मोहोळ, त्याचा डाग. पण यातली चांगली गोष्ट अशी की पहिल्या टीमच्या लोकांनी चूक मान्य केली. माझ्या जिवाणूवाल्या घोळानंतर मला हा किस्सा फारच जवळचा वाटतो. कार्डावर मी मोहोळाचं चित्र काढते आणि त्यावर फुली मारते.

५.३९ मीटरला कॅम्ब्रियन काळ सुरू. इथून पुढे चिमट्यांची गर्दी होते, त्यामुळे कार्डं एक वर एक खाली अशी लावा. कवच, पाय, डोळे, दात हे सगळं साधारण वीसेक सेंटिमीटरमध्ये येतं. याला 'स्फोट' म्हणतात त्यामुळे पोरांना वाटतं धडाम करून एका दिवसात झालं, तर तिथे बोटांनी वीत दाखवा आणि सांगा की ही वीत म्हणजे दोन कोटी वर्षं. ट्रायलोबाइट, म्हणजे किड्यासारखे दिसणारे कवचवाले समुद्री प्राणी, इथले हिरो, त्यांच्या डोळ्यांची भिंगं चक्क कॅल्साइटची, म्हणजे खडूच्या दगडातलंच खनिज. कॅनडातले बर्जेस शेल नावाच्या खडकातले जीवाश्म, १९०९ साली वॉलकॉट या शास्त्रज्ञाला सापडलेले, ५.०८ वर.

४.७ च्या आसपास जमिनीवर पहिल्या वनस्पती, शेवाळासारख्या बुटक्या. ३.७५ वर आपला टिकटालिक, कॅनडाच्या उत्तर टोकाला २००४ मध्ये सापडला, माशासारखे खवले आणि पर, पण मान होती आणि परांमध्ये मनगटासारखी हाडं. एक सूचना: "माशाने ठरवलं की आता जमिनीवर जाऊ या" असं बोलू नका, गोष्ट सांगताना तोंडातून सहज निघून जातं. कोणी काही ठरवत नाही. उथळ पाण्यात ज्यांच्या परांनी जरा जास्त भार पेलला त्यांची पिल्लं जास्त जगली, एवढंच, आणि हे लाखो पिढ्या चाललं.

३.६ ते ३ मीटर दलदलीची जंगलं, जगातला बराचसा दगडी कोळसा इथला, आणि पंख पसरल्यावर दोन फुटांहून जास्त भरणारा मेगॅन्यूरा, चतुराचा चुलत पणजोबा समजा. पण आपला कोळसा या टप्प्यातला नाही! चंद्रपूर, बल्लारपूर, वणी इथला कोळसा त्याच्या पुढचा, पर्मियन काळातला, ३ ते २.५ मीटरमध्ये कुठेतरी, आणि तो बनवला ग्लॉसोप्टेरिस नावाच्या जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांनी. तीच पानं दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकातही सापडतात, कारण तेव्हा हे सगळं एकाच भूखंडात, गोंडवनात, जोडलेलं होतं, आणि गोंडवन हे नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून. कोळशाचा तुकडा लटकवायचा असेल तर इस्त्रीवाल्याकडून आणू नका, तो बहुधा लाकडी कोळसा असतो, कालपरवाच्या झाडाचा.

२.५२ मीटरला दहा पोरांना ओळीत उभं करा आणि त्यातल्या आठ-नऊ जणांना खाली बसायला सांगा. समुद्रातल्या जातींचं एवढं प्रमाण इथे संपलं. सायबेरियात प्रचंड लाव्हा वाहिला, हवा तापली, समुद्रातला प्राणवायू कमी झाला. उभ्या राहिलेल्या एक-दोघांपासून पुढची सगळी सुतळी चालते. आमच्याकडे उभा राहिलेला एक जण एकदम गंभीर झाला होता, त्याला चॉकलेट द्यावं लागलं.

२.३ पासून डायनोसॉर. सस्तन प्राणीही फार मागे नाहीत, उंदराएवढे, तिथेच दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये येऊन बसतात आणि पुढची दीड मीटर गपगुमान काढतात. खेळणी बाहेर काढा. स्टेगोसॉरस दीड मीटरवर, टी-रेक्स ६८ ते ६६ सेंटिमीटरवर. मग टेपने दोघांमधलं अंतर मोजायला लावा: ८० सेंटिमीटरच्या वर. आणि टी-रेक्सपासून आपण? ६६. म्हणजे टी-रेक्सला स्टेगोसॉरसपेक्षा आपण जवळचे. हे ऐकून एक पोरगा मला खोटं पाडायला स्वतः तीनदा मोजून आला. गडचिरोलीत सिरोंचाकडे कधी गेलात तर वडधमचं जीवाश्म उद्यान बघा, त्या भागातल्या खडकांतून या काळातले बरेच जीवाश्म निघालेत.

आता ६६ सेंटिमीटर. इथे मी कार्ड लावत नाही, नुसता एक चिमटा लावते आणि सगळ्यांना जवळ बोलावते. चिमट्याची रुंदी साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे दहा लाख वर्षं. त्या एका चिमट्याखाली काय काय बसलंय बघा. मेक्सिकोत चिक्सुलूबला पडलेला दहा किलोमीटरचा अशनी. उडणारे सोडून बाकी सगळे डायनोसॉर संपणं (उडणारे म्हणजे पक्षी, पार्किंगमधली कबुतरं दाखवा). आणि आपला सह्याद्री! दख्खनचा लाव्हा बहुतांश याच चिमट्याखाली थरावर थर वाहिला, आजही पाचेक लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. ट्रेकला जाता तेव्हा किल्ल्याच्या कड्यात ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात ते हे थर. कळसूबाई १,६४६ मीटर उंच, आणि सुतळीवर सगळा मामला एका चिमट्याचा. लाव्हा आणि अशनी यांत डायनोसॉरना कोणी किती मारलं यावर भांडण अजून चालूय, अशनीचं पारडं जड आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये उसंत मिळाली की तळी साचायची, त्या तळ्यांतले बेडूक मुंबईत वरळीच्या खडकात सापडलेत.

आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनोसॉरचं दगड झालेलं शेण मिळतं. २००५ मध्ये त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले. त्याआधी समजूत अशी होती की गवत डायनोसॉर गेल्यानंतर आलं. एका शेणाने अख्खी समजूत बदलली. हे कार्ड वाचायला पोरांची मारामारी होते, मोठ्या अक्षरात लिहा.

५० सेंटिमीटरच्या आसपास भारत आशियाला धडकला. ४८ वर काश्मीरमधला इंडोह्यस, मांजराएवढा, हरणासारखे पाय असलेला प्राणी, पण कानाचं हाड देवमाशासारखं. देवमाशांचे नातेवाईक जमिनीवर चालायचे याचा हा आपल्याकडचा पुरावा. इथून पुढे घोडे, हत्ती वगैरे ज्याला जे हवं ते लावू द्या, मी फार लक्ष देत नाही.

७ ते ६ सेंटिमीटरमध्ये आपली आणि चिंपांझीची वाट वेगळी झाली. इथे हमखास प्रश्न येतो, "माकडापासून माणूस झाला तर अजून माकडं का आहेत?" माझं उत्तर: तुझी चुलत बहीण आहे ना, तू काय तिच्यापासून झालास का? दोघांचे आजोबा एक. ३.२ वर इथिओपियातली ल्यूसी, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या एका जुन्या नातेवाइकाचा सांगाडा. आणि आता चिमटे संपले, कारण आपली जात, होमो सेपियन्स, सुरू होते ३ मिलिमीटरवर आणि चिमटा एक सेंटिमीटरचा.

म्हणून शेवटच्या दहा सेंटिमीटरसाठी वेगळी पट्टी करा. मीटरभर कागद घ्या, त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख वर्षं. इथे लोणार सरोवरही मावतं, एका मोजणीप्रमाणे ५२ हजार वर्षं आणि नव्या मोजणीप्रमाणे ५.७ लाख, दोन्ही लिहा आणि मधे प्रश्नचिन्ह टाका. आपण ३ सेंटिमीटर. शेती एका मिलिमीटरहून जराशी जास्त. आणि मूळ सुतळीवर? डोक्याचा एक केस घ्या, त्याची जाडी म्हणजे ढोबळमानाने सात हजार वर्षं. लिहिलेला सगळा इतिहास, मोहेंजोदडो, पिरॅमिड, शिवराज्याभिषेक, सगळं त्या केसाच्या जाडीत. मी माझाच एक केस 'आज'च्या टोकाला सेलोटेपने लावते, पांढरा मिळाला तर बरा, सुतळीवर उठून दिसतो.

एकूण दीड तास धरा, लहान पोरं असतील तर ३० मीटरपर्यंतचा भाग पळत पळत घ्या, शर्यतच लावा. आवरताना सुतळी 'आज'च्या टोकापासून गुंडाळायला घ्या, म्हणजे पुढच्या वेळी गुंडा सोडताना ४५.४ चं टोक आधी हातात येतं. केस गुंड्याच्या आत राहतो, तो काढू नका, आमचा अजून आहे. आणि चिमटे मोजून परत दोरीवर लावा, माझे सात कमी भरले तेव्हा घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.